नम्रतेचे वतन

आपल्या भाषेत 'गरीब' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. ज्याच्या घरी खायला नाही तो गरीब. आणि जो उलट उत्तर देत नाही, खाली मान घालून वागतो, तोही गरीबच. 'पोरगे मोठे गरीब आहे हो' असे कौतुकाने म्हटले जाते तेव्हा त्याच्या दारिद्र्याची चौकशी कुणी केलेली नसते. त्याच्या स्वभावाला दिलेले ते प्रशस्तिपत्र असते. ते देणारा बहुधा वरच्या आळीतला असतो आणि घेणारा गावकुसाबाहेरचा. ज्याला हे प्रशस्तिपत्र मिळत नाही त्याच्यासाठी दुसरा शब्द तयार असतो : 'माजला'. ताठ मानेने बोलणारा उच्चवर्णीय 'बाणेदार' ठरतो, तितक्याच ताठ मानेने बोलणारा दलित 'माजोरी' ठरतो. एकाच वर्तनाला दोन नावे देणारी ही भाषा निष्पाप नाही. तिच्यात एक अख्खी समाजव्यवस्था दडून बसली आहे.

नम्रता हा सद्गुण आहे असे बहुतेक धर्म सांगतात. पण नम्रांना धन्य म्हणून त्यांना थेट पृथ्वीचा वारसा देऊ करणारी शिकवण येशूच्या डोंगरावरील प्रवचनात आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातले हे वचन गुलामांच्या मालकांनी वापरले आणि गुलामांनीही वापरले. नीत्शेसारख्या तत्त्ववेत्त्याने त्याची थट्टा केली, हॉवर्ड थर्मनसारख्या कृष्णवर्णीय विचारवंताने त्यातून बळ घेतले. तेव्हा ही शिकवण दुबळ्यांची समजूत घालण्यासाठी आहे, की दुबळ्यांच्या हाती दिलेले शस्त्र आहे, हा प्रश्न आपणही विचारला पाहिजे. तो ख्रिस्ती धर्मीयांचा घरगुती प्रश्न नाही. नगर-जालन्याकडच्या हजारो महार-मांग कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म घेतला, ती माणसे आपलीच आहेत. शिवाय १९७२ साली दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. कृष्णवर्णीयांच्या विद्रोहाशी आपण नाते सांगतो, तर त्या विद्रोहाने आपल्या धर्माशी जे भांडण मांडले तेही आपण समजून घ्यायला हवे.

प्रथम शब्दांकडे पाहू. येशूचे ते वचन नवे नाही. स्तोत्रसंहितेतल्या ३७ व्या स्तोत्रात ते आधीच आले आहे. तिथे मूळ हिब्रूत 'अनावीम' असा शब्द आहे. नम्र या अर्थाचा 'अनाव' आणि दरिद्री, पिडलेला या अर्थाचा 'अनी' हे दोन्ही शब्द एकाच धातूकुळातले मानले जातात. म्हणजे मराठीतल्या 'गरीब' या शब्दाने जे केले तेच हिब्रूनेही केले आहे. ज्याला दाबले आहे तो वाकलेला दिसतो, आणि पाहणारा म्हणतो, हा स्वभावानेच वाकलेला आहे. पण त्या स्तोत्राचा रोख वेगळा आहे. दुष्ट माजले आहेत, त्यांच्याकडे जमीन आहे, निराधारांवर त्यांनी धनुष्ये रोखली आहेत, आणि हे फार काळ टिकणार नाही, असे ते सांगते. तिथे आश्वासन स्वर्गाचे नाही, जमिनीचे आहे. पायाखालच्या मातीचे आहे.

हिब्रूतून ग्रीकमध्ये जाताना 'अनाव'चा 'प्राउस' झाला. हा शब्द ग्रीकांच्या नीतिशास्त्रात मुरलेला आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या चौथ्या भागात या गुणाची चर्चा केली आहे. त्याच्या मते सौम्यता म्हणजे रागाचा अभाव नव्हे. योग्य माणसावर, योग्य कारणासाठी, योग्य वेळी आणि योग्य तेवढाच जो रागावतो तो सौम्य. जिथे रागावले पाहिजे तिथेही जो रागावत नाही त्याला तो मूर्खात काढतो, आणि अपमान निमूट गिळणे हे गुलामाचे लक्षण आहे असे बजावतो. यातली गोम अशी की हाच ॲरिस्टॉटल काही माणसे जन्मतःच गुलाम असतात असेही मानत होता. त्यामुळे त्याची सौम्यता ही स्वतंत्र नागरिकाची मक्तेदारी आहे. ज्याला रागावण्याचा अधिकार आहे त्यानेच राग आवरावा. ज्याला तो अधिकार नाही त्याच्या शांततेला सद्गुण म्हणायचे कारणच नाही. ॲरिस्टॉटलची गुलामगिरीची बाजू आपण फेकून देऊ. पण त्याच्या या विचारातले एक सूत्र उचलून ठेवू : सौम्यता हा सद्गुण ठरायचा असेल तर तिच्या पाठीशी सामर्थ्य असावे लागते. बायबलमध्येही नम्रतेचे मोठे उदाहरण म्हणून मोशेचे नाव येते, आणि मोशे हा फारोच्या दरबारात उभा राहून आपल्या लोकांची सुटका मागणारा माणूस आहे.

मराठीत हे वचन आले तेव्हा आणखी एक गंमत झाली. बायबलच्या प्रचलित मराठी भाषांतरात सौम्यांना पृथ्वीचे 'वतन' मिळणार आहे. भाषांतरकारांच्या मनात वारसाहक्क हाच अर्थ असणार, आणि तो चुकीचा नाही. पण महाराच्या कानाला 'वतन' हा शब्द कसा ऐकू येतो? वतन म्हणजे गावकीची कामे, रात्री-अपरात्रीची हाक, मेलेल्या ढोराची विल्हेवाट, आणि त्या मोबदल्यात बलुत्याची भाकरी व तुकडाभर जमीन. या जोखडातून समाजाला सोडवण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. म्हणजे आपल्याकडे वतन सौम्यांनाच मिळालेले होते, आणि ते सौम्य राहावेत म्हणूनच मिळालेले होते! वतन हवे असेल तर जोहार घालावा लागे. एका भाषेत जो शब्द मुक्तीचे आश्वासन आहे तोच दुसऱ्या माणसाच्या आयुष्यात बेडी असू शकतो. धर्मवचने हवेत तरंगत नसतात. ती कुणाच्या तोंडातून कुणाच्या कानात जातात यावर त्यांचा अर्थ ठरतो.

याचा सर्वांत उघडा पुरावा १८०७ साली लंडनमध्ये छापला गेला. ब्रिटिशांच्या वेस्ट इंडीज बेटांवरील गुलामांसाठी बायबलमधले निवडक भाग घेऊन एक खास ग्रंथ तयार करण्यात आला. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये एकूण १,१८९ अध्याय असतात. या ग्रंथात त्यांपैकी २३२ तेवढे ठेवले. इस्राएली गुलाम इजिप्तमधून सुटले ती कथा गाळली. ख्रिस्तामध्ये दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही हे पौलाचे विधान गाळले. दासांनी धन्यांच्या आज्ञेत राहावे हा उपदेश मात्र राहिला. आपल्याकडे शूद्राने वेद ऐकू नये म्हणून बंदी होती. तिकडे धर्मग्रंथ ऐकवायचा, पण कातरून ऐकवायचा, अशी सोय झाली. मार्ग दोन, हेतू एक. कातर कुठे चालली हे पाहिले की मालकांना कशाची भीती वाटत होती ते कळते. नम्रतेची वचने त्यांना निरुपद्रवी वाटली. मोशे त्यांना परवडला नाही.

फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात ही कातर चालवणारे हात दिसतात. डग्लस यांचा मालक टॉमस ऑल्ड १८३२ साली एका धर्ममेळाव्यात भक्तिमार्गाला लागला. आता हा गुलामांना मुक्त करील, निदान माणुसकीने वागवील, अशी आशा डग्लस यांना वाटली. घडले उलटेच. तो अधिक क्रूर झाला, कारण आता त्याच्या क्रौर्याला धर्माचा आधार मिळाला. एका अपंग तरुण स्त्रीला बांधून तो चाबकाने फोडून काढी आणि त्याच वेळी शास्त्रवचन म्हणे. पुढे डग्लस यांना 'वठणीवर' आणण्यासाठी ज्या एडवर्ड कोव्हीकडे पाठवले गेले तोही मोठा धर्मशील म्हणून प्रसिद्ध होता. १८३४ साली सोळा-सतरा वर्षांच्या डग्लस यांनी या कोव्हीचा गळा धरला. सुमारे दोन तास झटापट झाली. त्यानंतर कोव्हीने त्यांच्यावर पुन्हा हात उचलला नाही. आपण गुलामाचे माणूस कसे झालो हे सांगताना डग्लस या प्रसंगाला मध्यवर्ती स्थान देतात. मात्र पुस्तकाच्या अखेरीस ते आवर्जून सांगतात की आपला हल्ला ख्रिस्ताच्या धर्मावर नाही, या देशातल्या गुलामधारकांच्या धर्मावर आहे. दोन्ही एकाच नावाने चालत असले तरी त्यांच्यातले अंतर त्यांना फार मोठे वाटत होते.

आता नीत्शेकडे वळू. नीत्शेचे नाव घेतले की आपल्याकडचे काही तरुण मित्र खूश होतात, कारण त्याने ख्रिस्ती नम्रतेचे वस्त्रहरण केले असे त्यांना वाटते. १८८७ सालच्या आपल्या नीतिमीमांसेच्या ग्रंथात त्याने मांडले की सूड घेण्याची ताकद नसलेल्यांनी आपल्या दुबळेपणालाच सद्गुणाचे नाव दिले, आणि बलवानांना अपराधी ठरवून आपला सूड उगवला. या मांडणीत तथ्याचा अंश नाही असे नाही. लाचारीला क्षमाशीलता म्हणून मिरवणारी माणसे आपणही पाहतो. पण नीत्शे कुठे उभा राहून बोलतो आहे हे विसरून चालणार नाही. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात तो मनूच्या कायद्याचे गुणगान करतो, त्यापुढे ख्रिस्ती धर्मग्रंथ त्याला हलका वाटतो, आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे चांडाळांच्या मूल्यांचा विजय असे तो म्हणतो. चांडाळ हा शब्द त्याने मनूकडूनच उचलला आहे. नीत्शेचे तत्त्वज्ञान आणि मनूचे तत्त्वज्ञान यांचा संबंध बाबासाहेबांनी आपल्या लेखनात तपासला आहे, तो याच कारणासाठी.

नीत्शेचे चुकते कुठे? नम्रतेचे तत्त्वज्ञान दुबळ्यांनी रचले आणि बलवानांवर लादले असे तो म्हणतो. इतिहास मात्र सांगतो की नम्रतेची प्रवचने वरून खाली येतात. १८०७ चा ग्रंथ गुलामांनी छापला नव्हता. ऑल्डच्या तोंडी शास्त्रवचन गुलामांनी घातले नव्हते. दुबळ्यांनी जेव्हा स्वतःच्या आवाजात हे वचन म्हटले तेव्हा त्यांनी 'नम्र' या शब्दावर थोडाच जोर दिला. त्यांचा जोर 'पृथ्वी'वर होता. आपल्याकडे बळीचे राज्य पुन्हा येवो म्हणून दरवर्षी ओवाळणाऱ्या बाईचा जोर बळीने वामनापुढे डोके नमवले यावर नसतो, तो राज्य परत येण्यावर असतो. म. फुले यांनी हे अचूक ओळखले. १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त त्यांनी येशूला पश्चिमेचा बळीराजा म्हटले, आणि तो ग्रंथ अर्पण केला गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. फुल्यांचा येशू गरीब गाय नाही. तो फसवला गेलेला, मारला गेलेला, पण लोकांच्या मनातून न गेलेला राजा आहे.

फुल्यांच्या या वाटेने, पण त्यांना न वाचता, हॉवर्ड थर्मन आले. १९४९ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे 'जीझस अँड द डिसइनहेरिटेड' हे पुस्तक आपल्या विद्यार्थ्यांनी वाचले पाहिजे. वारसा हिरावून घेतलेल्यांचा येशू, असा त्याचा विषय. थर्मन यांची आजी गुलामगिरीत जन्मली होती. तिला वाचता येत नव्हते. लहानगा थर्मन तिला बायबल वाचून दाखवी. पौलाची पत्रे मात्र ती त्याला वाचू देत नसे. अपवाद प्रेमावरच्या एका अध्यायाचा. कारण मालकाचा धर्मोपदेशक गुलामांपुढे नेमका पौलच वाचायचा. त्या निरक्षर बाईने केलेली ही निवड म्हणजे धर्मग्रंथाची समीक्षाच होय. लंडनच्या विद्वानांनी कातर चालवली तशी तिनेही चालवली, पण उलट्या बाजूने.

थर्मन यांचा मुख्य मुद्दा साधा आहे. येशू हा यहुदी होता, दरिद्री होता, आणि रोमन साम्राज्याने जिंकलेल्या अल्पसंख्य जमातीतला होता. पौल रोमन नागरिक होता; संकटात तो त्या नागरिकत्वाचा आधार घेऊ शकला. येशूला रोमन शिपायाने खड्ड्यात ढकलले असते तर दाद मागायला जागा नव्हती. ज्याला नागरिकत्व नाही त्याने जगायचे कसे, आणि जगताना आतून मोडून पडायचे नाही ते कसे, या प्रश्नाचे उत्तर म्हणून थर्मन येशूची शिकवण वाचतात. भीती, खोटेपणा आणि द्वेष ही तीन कुत्री वंचितांचा माग काढत असतात असे त्यांचे विश्लेषण आहे. दलित वस्तीत वाढलेल्या कुणालाही ती कुत्री नावानिशी ओळखता येतील.

याच ग्रंथात, एका आधीच्या अभ्यासकाचा आधार घेऊन, थर्मन एक विचार मांडतात : जो मनाने नम्र झाला त्याचा अपमान कुणी करू शकत नाही. अपमानाची जखम अहंकाराला होते. अहंकारच सोडला तर जखम व्हायला जागा उरत नाही. हा विचार खोल आहे. आतल्या माणसाला वाचवणारा आहे. तुरुंगात, छळछावणीत, एकट्या माणसाला तो तगवू शकेल हे मी मान्य करतो. पण समाजव्यवस्थेच्या संदर्भात तो अपुरा आहे असे म्हणावे लागते. नम्र माणसाचा अपमान करता येत नसेल. पण त्याला वेठीला धरता येते. त्याच्या मनाला जखम होत नसेल. पण त्याची जमीन जाते, त्याच्या मुलीची शाळा सुटते. शोषकाला आपल्या मनाशी काही देणेघेणे नसते. त्याला आपले हात हवे असतात. हात मिळाले की मन कुठल्या उंचीवर आहे याची तो पर्वा करीत नाही.

शिवाय पाप म्हणजे अहंकार, आणि त्यावर उतारा म्हणजे नम्रता, हे गणितच मुळात कुणासाठी मांडले गेले? १९६० साली व्हॅलरी सेव्हिंग या अभ्यासिकेने आपल्या एका लेखात हा प्रश्न स्त्रियांच्या बाजूने विचारला. तिचे म्हणणे असे की धर्मशास्त्र लिहिणारे पुरुष. त्यांना आपला अहंकार हेच मूळ पाप वाटले. पण जिला 'मी' म्हणायलाच शिकवले नाही तिचे पाप अहंकार कसे असेल? तिचे दुखणे स्वतःला पुसून टाकणे हे आहे, आणि तिला आणखी नम्र व्हायला सांगणे म्हणजे रोगावर रोगाचेच औषध देणे आहे. हे विवेचन दलितांना जसेच्या तसे लागू पडते. ज्याच्या पाठीला खराटा आणि गळ्यात मडके बांधले होते त्याला अहंकार सोडायला सांगणे ही चेष्टा आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. नोकरी लागल्यावर एका ज्येष्ठ सहकाऱ्याने पाहुण्यांना माझी ओळख करून दिली : 'हे आमचे नवे सर, फार नम्र आहेत.' मी कोणता विषय शिकवतो हे सांगायचे राहून गेले.

बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्ती दलितांवर जे लेखन केले, ते त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात १९८९ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी याच मुद्द्यावर बोट ठेवले आहे. अस्पृश्याची अधोगती का झाली? हिंदू धर्म पूर्वजन्मीच्या कर्माकडे बोट दाखवतो, आणि मिशनरी आदिमानवाच्या पापाकडे. दोन्ही उत्तरांत ज्याने अन्याय केला तो समोरचा माणूस, ती समोरची व्यवस्था, निसटून जाते. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, आपल्या माणसांना पहिल्यांदा कुणी हात लावून तपासले. हे ऋण कुणी नाकारू नये. पण अन्यायाविरुद्ध चीड निर्माण करण्याऐवजी ती विझवणारी शिकवण माणसाला उभे करू शकत नाही, हा बाबासाहेबांचा आक्षेप आजही खोडून काढता आलेला नाही.

ख्रिस्ती दलितांमधून त्याला उत्तर देण्याचा प्रयत्न झाला. १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी दिलेल्या व्याख्यानापासून दलित ईश्वरविद्येची चळवळ सुरू झाली असे मानतात. भारतीय ख्रिस्ती तत्त्वचिंतन तोवर ब्राह्मणी वळणाचे होते, वेदान्ताशी संवाद करण्यात गुंग होते. निर्मळांनी ते वळण तोडले. दलितांची वेदना हीच ईश्वराला ओळखण्याची जागा आहे, येशू स्वतः दलित आहे, असे त्यांनी ठणकावून सांगितले. हे त्यांचे ऐतिहासिक कार्य आहे. पण त्यांच्याच मांडणीत एक विचार असा आहे की दलितांचा देव हा सेवक देव आहे. सेवा हा त्याचा स्वधर्म आहे. आणि म्हणून सेवा हा दलितांचा वाटा आणि त्यांचा मानही आहे. इथे मला थांबावेसे वाटते. 'स्वधर्म' हा शब्द आपल्याला फार महागात पडलेला आहे. सेवा हाच शूद्राचा धर्म, असे ज्या परंपरेने सांगितले तिच्याशी झगडता झगडता तिचाच शब्द देवाच्या अंगावर चढवला तर मुक्ती कुणाची होते? झाडूवाल्याच्या कामाला पवित्र म्हणणाऱ्या गांधीवादाची १९४५ सालच्या ग्रंथात बाबासाहेबांनी जी झडती घेतली, तीच इथेही लागू पडते. जे काम जन्माने लादले आहे त्याला थोर म्हटल्याने ते काम सुटत नाही. ते सोडण्याची इच्छा तेवढी सुटते. देव सेवक झाला तर तो आपल्या मर्जीने झाला. त्याच्यापाशी सिंहासन होते, ते सोडून तो खाली उतरला. आपण कुठून उतरणार?

वर्गात मी डग्लस शिकवीत होतो. कोव्हीशी झालेल्या झटापटीचा भाग संपला आणि एका विद्यार्थिनीने विचारले, 'सर, उलटून हात उचलला म्हणून डग्लस माणूस झाला. माझी आई लोकांच्या शेतात जाते, मुकादमाची बोलणी रोज ऐकून घेते, कधी उलट बोलत नाही. मग ती माणूस नाही का?' या प्रश्नाने वर्ग गप्प झाला. विद्रोहाचे साहित्य शिकवणाऱ्या आणि लिहिणाऱ्या सगळ्यांनीच या प्रश्नाला सामोरे गेले पाहिजे. नाही तर आपणही पाटलाप्रमाणे माणसांना प्रशस्तिपत्रे वाटू लागू. त्याची गरीबपणाची, आपली बंडखोरीची.

याचे उत्तर माझ्या मते असे आहे : गप्प राहणे वेगळे आणि नम्र होणे वेगळे. ती बाई गप्प राहते, कारण संध्याकाळी चूल पेटवायची आहे आणि मुलीची फी भरायची आहे. तिच्या गप्प राहण्यात हिशेब आहे, आणि तो हिशेब तिचा स्वतःचा आहे. डेलोरेस विल्यम्स या कृष्णवर्णीय लेखिकेने १९९३ सालच्या आपल्या ग्रंथात बायबलमधल्या हागारची कथा याच दृष्टीने वाचली आहे. हागार ही सारेची दासी. छळ सोसवेना म्हणून ती रानात पळाली, तर परत जाऊन मालकिणीच्या हाताखाली राहा असे तिला सांगण्यात आले. इथे मुक्ती नाही, हे विल्यम्स मोकळेपणाने मान्य करते. इथे आहे ते तग धरणे, पोटातल्या पोरासह जिवंत राहणे. पुढे तीच हागार पोराला घेऊन रानात जाते आणि स्वतंत्र वंशाची माता होते. तगून राहणे ही शरणागती नव्हे. पण तिला सद्गुण म्हणून गौरवण्याची घाईही नको. ज्या क्षणी आपण त्या आईला 'किती सोशिक!' म्हणतो त्या क्षणी मुकादमाचे काम सोपे होते. तिच्या सोसण्याचे कौतुक करण्याऐवजी तिला सोसावे का लागते हे विचारले पाहिजे.

मग येशूच्या त्या शिकवणीचे काय करायचे? दुसरा गाल पुढे करण्याचे वचन सर्वांना ठाऊक आहे. वॉल्टर विंक यांनी दाखवून दिले की तिथे उजवा गाल असा स्पष्ट उल्लेख आहे. उजव्या हाताने उजव्या गालावर मारायचे तर हाताची मागची बाजू वापरावी लागते, आणि तसा फटका हीनांना दिला जाई. डावा गाल पुढे करणे म्हणजे मारायचेच असेल तर बरोबरीच्या माणसाला मारतोस तसे मार, असे सांगणे. हे वाचन चतुर आहे, पण सगळा भार त्यावर टाकावा असे मला वाटत नाही. त्याहून बोलका प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायात आहे. महायाजकापुढे उभ्या असलेल्या येशूला एक शिपाई चपराक मारतो. येशू दुसरा गाल पुढे करीत नाही, उलटून हातही उचलत नाही. मी चुकीचे बोललो असेन तर ते सिद्ध कर, नसेन तर मला मारतोस का, असा जाब तो विचारतो. बांधलेल्या हातांनी विचारलेला तो जाब आहे. नम्रतेची प्रवचने करणाऱ्यांनी हा प्रसंग फारसा सांगितलेला आढळत नाही.

असा जाब आपल्याकडे सामूहिक रीतीने विचारला गेला तो महाडला. २० मार्च १९२७ रोजी लोक चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले. नंतर सवर्णांनी परतणाऱ्यांवर हल्ला केला, डोकी फोडली. बाबासाहेबांभोवती जमलेल्या लोकांत लष्करातून निवृत्त झालेली, हाती काठ्या असलेली माणसे होती. एक शब्द निघाला असता तर महाडचे चित्र वेगळे झाले असते. बाबासाहेबांनी तो शब्द काढला नाही. त्यांनी लोकांना आवरले, आणि मग कायद्याची वाट धरली. हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा दावा दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात जिंकला. या संयमाला कुणी दुबळेपणा म्हणेल काय? उचलता येणारा हात त्या दिवशी उचलला नाही, आणि पाण्यावरचा हक्कही सोडला नाही. ॲरिस्टॉटलच्या अर्थाने, मोशेच्या अर्थाने, हीच सौम्यता. १९५५-५६ साली मॉन्टगोमेरीतल्या कृष्णवर्णीयांनी वर्षभराहून अधिक काळ बसवर बहिष्कार घातला, हिंसा केली नाही, तीही हीच.

तेव्हा निकष सोपा आहे. कुणी आपल्याला नम्र व्हायला सांगितले तर तीन गोष्टी विचाराव्यात. सांगणारा स्वतः कुणापुढे नम्र आहे? नम्र न होण्याची मोकळीक मला आहे का? आणि नम्र झाल्यावर जमीन, पाणी, शाळा, अधिकार यांपैकी काय माझ्या हाती येणार आहे? पहिल्याचे उत्तर 'कुणापुढेच नाही', दुसऱ्याचे 'नाही' आणि तिसऱ्याचे 'काहीच नाही' असेल, तर तो उपदेश धर्म नव्हे, बंदोबस्त आहे. ज्या स्तोत्रातून येशूने ते वचन घेतले ते स्तोत्र जमिनीविषयी बोलत होते. १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह करीत देशभर हजारो माणसे तुरुंगात गेली तीही जमिनीविषयीच बोलत होती. जोहार टाकून 'जयभीम' म्हणताना आपल्या माणसांनी मान वर केली, ती उर्मटपणा म्हणून नव्हे. समोरच्याच्या डोळ्यांत पाहून नमस्कार करता यावा म्हणून केली. बरोबरीच्या माणसाने बरोबरीच्या माणसापुढे स्वखुशीने झुकावे, ही नम्रता आम्हाला मान्य आहे. बाकीची नम्रता ज्यांनी आम्हाला वतनात दिली होती त्यांच्या दारात आम्ही ती परत ठेवली आहे.